रेव्ह. ना. वा. टिळक यांची उपदेशपद्धती व मंडळीसेवेची संकल्पना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे मराठी वाचकांना प्रामुख्याने कवी म्हणून परिचित आहेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्यांचे घरगुती जीवनही सर्वज्ञात झाले आहे. तथापि उपदेशक व मंडळीचे सेवक म्हणून त्यांनी केलेल्या कार्याची चर्चा त्यामानाने कमी झाली. टिळकांनी उपदेशाचे माध्यम बदलले, आणि त्यातूनच पुढे पाळकपदाच्या स्वरूपासंबंधी मूलभूत प्रश्न उपस्थित झाले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उपदेशाचे माध्यम

१८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका सहप्रवाशाने दिलेल्या नव्या करारातील गिरिप्रवचनाने टिळक प्रभावित झाले व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र असलेले अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही त्यांची कर्मभूमी ठरली. तेथील धर्मशिक्षण विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले.

त्या काळच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा होता. व्यासपीठावरून एकाने बोलावे आणि इतरांनी ऐकावे, हीच प्रवचनाची रूढ रीत होती. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रारंभ टिळकांनी केला असे मात्र म्हणता येत नाही. त्यांच्यापूर्वी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी अहमदनगर परिसरात ही परंपरा रुजविली होती. टिळकांनी तिला अभंग, ओवी व भजनांची विपुल सामग्री पुरविली. कीर्तनात पूर्वरंगातील निरूपणानंतर उत्तररंगात आख्यान येते आणि श्रोते ध्रुपदाला साथ करतात. अशा रीतीने उपदेश ही सर्वांनी मिळून करावयाची उपासना बनते. तुकोबांच्या अभंगवाणीवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची स्वतःची धारणा होती. त्यामुळे हा प्रकार त्यांच्या दृष्टीने केवळ प्रचाराची युक्ती नव्हता.

माध्यमाकडून सेवेकडे

संतपरंपरेचा स्वीकार केवळ छंदापुरता मर्यादित राहणे शक्य नव्हते. या परंपरेत कीर्तनकाराने मोबदल्याची अपेक्षा ठेवू नये, असा तुकोबांचा आग्रह प्रसिद्ध आहे. याउलट मिशनव्यवस्थेत एतद्देशीय उपदेशक हा परदेशी निधीतून वेतन घेणारा सेवक होता. श्रोत्यांच्या मनात त्याच्या वाणीविषयी शंका उत्पन्न होण्यास हे एक कारण पुरेसे होते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला व संन्यस्त वृत्तीने कार्य करण्याचा निश्चय केला. त्यांच्या उपदेशपद्धतीची ही तर्कशुद्ध परिणती होय.

याच वर्षी साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. मंडळीची सीमा संस्कारविधीने ठरते की भक्तीने, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. प्रस्थापित मंडळीच्या दृष्टीने तो अडचणीचा होता, हे उघड आहे. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि जेमतेम दोन वर्षांचा हा प्रयोग त्यांच्यामागे टिकला नाही.

मूल्यमापनातील एक प्रश्न

येथे एका गोष्टीची दखल घेणे आवश्यक आहे. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती मंडळीत महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्यासाठी मिशनची शाळा, वेतन व नोकरी ही सामाजिक दास्यातून बाहेर पडण्याची साधने होती. वेतनत्यागाचा आदर्श सर्वांना सारख्याच अर्थाने मुक्तिदायक वाटला असेल, असे गृहीत धरता येणार नाही. ज्याच्यापाशी त्यागण्याजोगे काही आहे, त्यालाच संन्यास हा पर्याय उपलब्ध असतो. दुसऱ्या बाजूने, अभंग व भजन ही चोखोबांच्या वारशामुळे या समाजांचीही भाषा होती. त्यामुळे टिळकांची गीते परकी न वाटता लोकांच्या ओठांवर रुळली. एकाच परंपरेतील गीत मंडळीने आपलेसे केले आणि संन्यास मात्र दूर राहिला, या विसंगतीचा उलगडा काही अंशी येथे होतो.

निष्कर्ष

टिळकांची गीते ‘उपासनासंगीता’त स्थिरावली व आजही मराठी मंडळ्यांतून गायली जातात. अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, तसेच कीर्तनाची परंपराही त्यांनी स्वतः चालविली. म्हणजेच मंडळीने टिळकांची वाणी स्वीकारली; परंतु उपदेशकाने कोणाच्या आधारे जगावे आणि मंडळीचे दार कोणासाठी उघडे असावे, हे त्यांचे प्रश्न अनुत्तरित राहिले. टिळकांकडे केवळ ‘ख्रिस्ती संतकवी’ म्हणून पाहिल्यास हे प्रश्न नजरेआड होतात. म्हणूनच महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासलेखनात त्यांच्या काव्याबरोबरच त्यांच्या मंडळीसेवेचाही स्वतंत्र विचार होणे अगत्याचे आहे.