पहिल्या अल्बमपासून ‘दशावतारा’पर्यंत : डेमॉनिक रेझरेक्शनची वाटचाल

मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या एक्स्ट्रीम मेटल बँडच्या स्थापनेला २०२५ मध्ये २५ वर्षे पूर्ण झाली. भारतात या संगीताची पायाभरणी ज्या मोजक्या बँडनी केली, त्यांत या बँडचे स्थान वरचे आहे. मराठवाड्यातील निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावातील श्रोत्याला मात्र ही वाटचाल बहुधा उलट्या क्रमाने भेटते. आधी कानावर येतो अलीकडचा, सफाईदार ध्वनिमुद्रणाचा काळ. त्यातून मागे जात जात कधीतरी हाती लागतो २००० सालचा पहिला अल्बम ‘डीमनस्टीलर’. तोवर दोन दशके उलटून गेलेली असतात. म्हणून ही वाटचाल येथे आरंभापासून मांडली आहे. पुढे जे काही उभे राहिले, त्याची जिद्द त्या पहिल्या अल्बमातच होती.

एक्स्ट्रीम मेटलचा जन्मच साधनांच्या टंचाईत झाला. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडचा पहिला अल्बम १९८१ मध्ये आला. १९८४ मध्ये स्वीडनच्या बाथरीने आपला पहिला अल्बम स्टॉकहोममधील एका गॅरेजचे रूपांतर करून थाटलेल्या छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. अमेरिकेतील पझेस्ड या बँडचा पहिला अल्बम १९८५ मध्ये, तर डेथ या बँडचा १९८७ मध्ये आला. पुढे नॉर्वेच्या एम्पररसारख्या बँडनी नव्वदच्या दशकात या कर्कश, वेगवान संगीतात कीबोर्डच्या साहाय्याने वाद्यवृंदाची भव्यता आणली. या साऱ्यांचे पहिले अल्बम तंत्राच्या दृष्टीने ओबडधोबड होते, तरीही पुढच्या पिढ्यांनी पायाचे दगड म्हणून त्यांच्याकडेच पाहिले.

मुंबईतही रॉकची परंपरा होती. १९८४ मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीन या बँडने १९८८ मध्ये स्वतःच्या रचनांचा अल्बम काढला; हाच बँड १९९३ पासून इंडस क्रीड या नावाने ओळखला जाऊ लागला. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांच्या पुढाकाराने ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि धोबी तलावाजवळचे रंगभवन हे रॉकप्रेमींचे हक्काचे ठिकाण बनले. १९९३ मध्ये अलाहाबादहून अमित आणि शीना सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक सुरू केले. बंगळूरमध्ये डाइंग एम्ब्रेस हा बँड नव्वदच्या दशकाच्या आरंभापासून डूम आणि डेथ मेटल वाजवत होता. जमीन अशी थोडीफार नांगरलेली होती. पण एक्स्ट्रीम मेटलचा अल्बम काढायचा तर त्यासाठी कंपनी, स्टुडिओ, वितरक, कार्यक्रमांची साखळी यांपैकी जवळपास काहीच हाताशी नव्हते.

अशा काळात, २००० मध्ये, साहिल मखिजा या तरुणाने मुंबईत डेमॉनिक रेझरेक्शनची स्थापना केली. गायन आणि गिटार या दोन्ही बाजू त्याच्याकडे होत्या. त्याच वर्षी ‘डीमनस्टीलर’ हा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. कोणत्याही मोठ्या कंपनीचे पाठबळ नव्हते. बँडने तो स्वतःच्या बळावर काढला. अल्बमचे हेच नाव साहिलचे रंगमंचावरचे नावही आहे आणि त्यामुळे बँडची व त्याची ओळख एकमेकांत मिसळून गेली.

या संगीताशी परिचय नसलेल्या वाचकासाठी त्याची घडण थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. यात गायक शब्द गातो ते गळ्याच्या खोल भागातून काढलेल्या गुरगुरत्या किंवा किंचाळत्या आवाजात. ढोलवादक दोन्ही पायांनी दोन पेडल चालवून खर्जातल्या ढोलावर अखंड ठोके देतो, आणि त्यावर हातांचे अतिजलद वादन चढते. गिटारवर एकच स्वर अतिशय वेगाने छेडत राहण्याचे तंत्र असते. डेमॉनिक रेझरेक्शनने या पायावर कीबोर्डचे वातावरण आणि अधूनमधून स्वच्छ, सुरेल गायन यांची जोड दिली. ब्लॅक मेटलचा अंधार, डेथ मेटलचा जोर आणि वाद्यवृंदाचा विस्तार यांचा मेळ हीच त्यांच्या संगीताची खूण ठरली.

या अल्बमचा आवाका त्या वेळी मर्यादित होता आणि त्यात नवल नव्हते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले होते. २००० मध्ये ते टेलिफोनच्या तारेवरून रखडत चालत असे. मेटलच्या कॅसेट आणि सीडी मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत मिळत. एकाच्या संग्रहातली कॅसेट दहा जणांकडे नकलून जाई. लातूर, नांदेडच्या बाजारात चित्रपटगीते, भक्तिगीते, भीमगीते, लोकगीते यांना मागणी होती. १९९३ च्या भूकंपातून सावरणाऱ्या, पुनर्वसनाच्या घरांत नुकत्याच स्थिरावणाऱ्या निलंगा–औसा परिसरापर्यंत मुंबईतल्या एका स्वयंप्रकाशित मेटल अल्बमची वार्ता पोहोचावी, अशी कोणतीही वाट तेव्हा नव्हती.

मुंबईतही दिवस सोपे नव्हते. याच २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियंत्रण नियम लागू झाले. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आली, आणि रुग्णालये व शिक्षणसंस्था यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्राची अंमलबजावणी कडक झाली. महाविद्यालय आणि रुग्णालयांच्या शेजारी असलेल्या रंगभवनात मोठ्या आवाजाचे कार्यक्रम करणे अशक्य झाले. रुग्णांच्या शांततेचा हक्क रास्तच होता. पण मुंबईच्या रॉकने आपले मोठे घर गमावले, हेही खरे. कार्यक्रम जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसरॉससारख्या बंदिस्त जागांत आणि महाविद्यालयांच्या महोत्सवांत सरकले. वाद्ये, ॲम्प्लिफायर, सरावाची जागा यांचा खर्च मोठा आणि मानधन नाममात्र, अशी स्थिती होती. बँडमधील सदस्यही बदलत गेले. पहिल्या आणि दुसऱ्या अल्बममध्ये पाच वर्षांचे अंतर पडले ते अशाच काळात.

या पाच वर्षांना रिकामा काळ म्हणता येणार नाही. जे मिळत नाही ते स्वतः उभारायचे, हे धोरण याच टप्प्यात पक्के झाले. या धोरणातून साहिलने ‘डीमनस्टीलर रेकॉर्ड्‌स’ ही छोटी कंपनी चालवली, स्वतःचा स्टुडिओ थाटला, ध्वनिमुद्रण आणि मिश्रणाचे तंत्र आत्मसात केले. ‘रेझरेक्शन’ या नावाने मेटलच्या मैफलींचे आयोजन केले आणि त्यांच्या मंचावर इतर बँडनाही जागा दिली. त्यामुळे डेमॉनिक रेझरेक्शन हा केवळ बँड राहिला नाही. एका संगीतप्रवाहाला लागणाऱ्या सोयींचे ते केंद्र बनले. या वाटचालीला एका संस्थेची वाटचाल म्हणता येते ती याच अर्थाने.

२००५ मध्ये ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ हा दुसरा अल्बम आला. पहिल्या अल्बममधील कल्पना येथे बांधीव रचनांत उतरल्या. अंधारावरच्या तीन भागांच्या मालिकेचा हा आरंभ होता. २००७ मध्ये ‘बियाँड द डार्कनेस’ या लघु अल्बमने तिचा दुसरा भाग मांडला. त्याच वर्षी १७ मार्चला आयर्न मेडन या विख्यात ब्रिटिश बँडने बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्‌सवर कार्यक्रम केला. देशभरातून जमलेल्या हजारो तरुणांनी मैदान भरले, आणि भारतात मेटलला श्रोता आहे हे आयोजकांच्या डोळ्यांना दिसले. वर्षानुवर्षे छोट्या मंचांवर हा श्रोता घडवणाऱ्या देशी बँडचे श्रेय त्या गर्दीत होते.

२०१० हे वर्ष या वाटचालीतला कळस ठरले. मालिकेचा तिसरा भाग ‘द रिटर्न टू डार्कनेस’ प्रसिद्ध झाला. देशात तो स्वतःच्याच कंपनीतर्फे निघाला आणि देशाबाहेर त्याचे प्रकाशन कँडललाइट रेकॉर्ड्‌स या ब्रिटिश कंपनीने केले. एम्पररसारख्या बँडचे अल्बम काढणाऱ्या या कंपनीच्या यादीत मुंबईच्या बँडचे नाव येणे ही मोठी दाद होती. ‘मेटल हॅमर’ या मासिकाच्या लंडनमधील गोल्डन गॉड्‌स सोहळ्यात त्याच वर्षी डेमॉनिक रेझरेक्शनला ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार मिळाला. नॉर्वेतील इन्फर्नो, जर्मनीतील वाकेन अशा मेटलच्या मानाच्या महोत्सवांत बँडने हजेरी लावली. ज्या देशांतून हे संगीत कॅसेटच्या नकलांवरून मुंबईत आले, त्याच देशांच्या मंचावर मुंबईने ते आपल्या रचनांतून सादर केले.

या यशात अनेकांचे हात आहेत. गिटारवर डॅनियल रेगो आणि पुढे निशिथ हेगडे, बासवर हुसेन बंदुकवाला आणि त्यानंतर अश्विन श्रीयान, कीबोर्डवर मेफिस्टो, ढोलावर वीरेंद्र कैथ यांनी वेगवेगळ्या टप्प्यांत बँड पेलला. नोकरी, शिक्षण, घर सांभाळून सरावाला वेळ देणारे आरंभीचे सदस्य, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता ध्वनियंत्रणा लावणारे मित्र, भित्तिपत्रके चिकटवणारे कार्यकर्ते आणि तिकीट काढून दर कार्यक्रमाला येणारे श्रोते यांच्यामुळेच हे काम टिकले.

२०१४ मध्ये ‘द डीमन किंग’ आला आणि २०१७ मध्ये ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा रचना, अशी या अल्बमची योजना आहे. भाषा इंग्रजीच राहिली, पण भारतीय संगीताचे सूर आधीपेक्षा ठळक झाले. मराठवाड्यातील श्रोत्याला या अल्बममध्ये शिरायला वेगळी ओळख लागत नाही. निलंग्याच्या शेजारच्या औसा तालुक्यातील खरोसा लेण्यांत नृसिंह कातळात कोरलेला आहे. कीर्तनकारांच्या आख्यानांतून प्रल्हाद, वामन आणि परशुराम घराघरांत माहीत आहेत. नृसिंहाचा कोप शिल्पकाराने दगडात आणला, कीर्तनकाराने वाणीत आणला, तसाच तो येथे गुरगुरता गळा आणि ढोलांच्या भडिमारातून येतो. उग्रता हाच ज्या कथेचा स्वभाव आहे, तिला हे संगीत शोभते.

संस्थापकाचे काम इतर वाटांनीही चालू राहिले. डीमनस्टीलर या नावाने त्याचे एकल अल्बम निघाले. २०१६ च्या ‘धिस बर्डन इज माइन’मध्ये नाइल या अमेरिकी बँडचा नामांकित ढोलवादक जॉर्ज कोलियास याने साथ केली. २०२३ मध्ये ‘द प्रोपगंडा मशीन’ आला. ‘हेडबँगर्स किचन’ या त्याच्या पाककृतींच्या कार्यक्रमाने मेटलशी संबंध नसलेल्या प्रेक्षकांपर्यंतही त्याचे नाव नेले. दरम्यान मुंबईत भयानक मौत, झिग्नेमा, गटस्लिट असे बँड उभे राहिले आणि त्यांनी आपापल्या शैली घडवल्या. त्यांची प्रतिभा त्यांची स्वतःची. पण आपल्या शहरात राहून असा बँड चालवता येतो, परदेशी कंपनीपर्यंत पोहोचता येते, याचा पुरावा त्यांच्यासमोर होता.

या काळात हे संगीत ऐकण्याची सोयही बदलली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. २००२ मध्ये माँट्रियल येथे दोन मेटलप्रेमींनी सुरू केलेल्या ‘एन्सायक्लोपीडिया मेटॅलम’ या ऑनलाइन कोशात जगभरातील मेटल बँडच्या नोंदी संपादकांच्या देखरेखीखाली साठत गेल्या. शहर आणि तालुका यांच्यातले अंतर या दोन गोष्टींनी ऐकण्यापुरते तरी पुसले. निलंग्यात बसलेला तरुण आज ओस्लो, स्टॉकहोम, मुंबई यांचे पहिले अल्बम एकाच सायंकाळी शेजारी शेजारी ठेवून पाहू शकतो.

‘दशावतार’ ऐकून ‘डीमनस्टीलर’कडे मागे आलेल्या श्रोत्याला पहिल्या अल्बमच्या ध्वनीत पुढची सफाई मिळत नाही, आणि ती तेथे शोधूही नये. एकीकडे सुरेलपणा आणि दुसरीकडे उग्रता या दोहोंना एकत्र नांदवण्याचा आग्रह, परवानगीची वाट न पाहता काम हाती घेण्याची वृत्ती, उसनवारीत न रमता स्वतःची रचना करण्याची हिंमत, हे सारे तेथे आहे. बाथरीच्या गॅरेजमधल्या अल्बमला चार दशकांनंतर ज्या आदराने ऐकले जाते, तोच आदर मुंबईच्या या अल्बमला मिळायला हवा.

त्यासाठी जतनाचे काम आता महत्त्वाचे आहे. त्या काळातील सीडी, वेष्टने, भित्तिपत्रके, तिकिटे आणि कार्यक्रमांची हौशी चित्रणे अनेकांच्या कपाटांत विखुरलेली आहेत. महाराष्ट्राच्या संगीतेतिहासात नाट्यसंगीत, लावणी, भजन, शाहिरी यांच्या नोंदी ज्या निष्ठेने ठेवल्या जातात, त्याच निष्ठेने या प्रवाहाचीही नोंद व्हावी. २००० मध्ये संगणकावर ध्वनिमुद्रण ही मोजक्यांची गोष्ट होती. आज लातूर, नांदेड किंवा निलंग्यातील एखाद्या खोलीतही ते होऊ शकते. साधन आले आहे, वाटही मळलेली आहे. डेमॉनिक रेझरेक्शनने २५ वर्षांत ती मळवली, आणि पहिल्या अल्बमाची तयारी करणाऱ्या मराठवाड्यातील प्रत्येक नव्या बँडला तिचा उपयोग होणार आहे.