लाईन गेली

संध्याकाळी ५.१० (साडेचार तास बाकी)

महाशिवरात्र चार दिवसांवर आली होती. सालबर्डीला जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ मोर्शीतून सुरू झालेली, चौकात मृग बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागलेले, आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत आनंदमेळा उतरलेला. अमरावतीहून माझी भाचरं आली होती, भाचा बारा वर्षांचा आणि भाची सात वर्षांची. दोघंही जेवल्यापासून चपला घालूनच बसली होती.

पुढचं सांगण्याआधी एक खुलासा. आमच्याकडे 'लाईन' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक लाईन माणसांची. दुसरी विजेची. पहिली लागते, दुसरी जाते. त्या शनिवारी या दोघींची गाठ पडली.

५.४५

भूतबंगला मेळ्याच्या पार टोकाला होता. दर्शनी भागावर फ्लेक्स, त्यावर रामसे बंधूंच्या सिनेमातला राक्षस. बहुतेक 'पुराना मंदिर'मधला सामरी असावा, पण रंगवणाऱ्याने त्याला मिशा दिल्या होत्या. शेजारी लिहिलेलं, 'कमजोर दिलवाले अंदर ना जाएँ'. तिकीट साठ रुपये, तीन वर्षांवरच्या सगळ्यांना पूर्ण. गुलाबी कागदाच्या त्या चिटोऱ्यावर नंबर नाही, वेळ नाही, फक्त एक कवटी.

तिकिटाची खिडकी एका टोकाला आणि आत जायचं दार दुसऱ्या टोकाला, मध्ये उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. खिडकीतला माणूस मिनिटाला सात-आठ तिकिटं फाडत होता. दारावरचा माणूस दर दहा-बारा मिनिटांनी दहाजण आत सोडत होता. पाचवीतल्या पोरालाही हे गणित सुटलं असतं, पण खिडकीतून दार दिसत नव्हतं.

"मामा, आपला नंबर कवा लागन?"

"अर्ध्या तासात," मी म्हणालो.

६.३५

एव्हाना आम्ही गुऱ्हाळापर्यंत पोचलो होतो. आतून आलेला एकजण मित्राला सांगत होता, "अबे, आतमंधी त लाईटच नाही लागत. भूत येते, पण दिसतच नाही." दोघंही खदाखदा हसले.

मी मात्र घड्याळात पाहिलं. ही वेळ माझ्या डोक्यात एका वेगळ्याच कारणाने बसली आहे.

११ मे १९८४, शुक्रवार. अमेरिकेच्या न्यू जर्सीत जॅक्सन गावाजवळ सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर नावाचं मोठं मनोरंजन उद्यान आहे. तिथे 'हाँटेड कॅसल' म्हणून भुतांचा किल्ला होता. दिसायला दगडी गढी, पण आतून सतरा ट्रेलर एकमेकांना जोडलेले. लाकूड, रंगवलेली कापडं, फोमच्या गाद्या लावलेल्या भिंती आणि दर चार पावलांवर वळण. १९७९ पासून तो तिथेच उभा होता. तरी कागदोपत्री 'तात्पुरता', कारण ट्रेलरना चाकं असतात. म्हणून पाण्याचे फवारे नाहीत, धुराची सूचना देणारी घंटा नाही.

त्या संध्याकाळी आतला एक लुकलुकणारा दिवा बंद पडला होता. मेळ्यात बिघडलेल्या दिव्याची कोण तक्रार करतं? फार तर पैसे वाया गेले म्हणून चरफडतो. पण पुढे चौकशीत जे समोर आलं ते असं : चौदा वर्षांच्या एका मुलाला तिथे रस्ता दिसेना, म्हणून त्याने सिगारेटचा लायटर पेटवला. ज्योत फोमच्या भिंतीला लागली. तेव्हा साडेसहाच्या आसपासची वेळ होती. पावणेआठपर्यंत आग आटोक्यात आली. ढिगाऱ्यात शिरलेल्या जवानांना जळालेली शरीरं आधी किल्ल्यातले पुतळेच वाटले. आठ मेले, आठही कोवळ्या वयाचे, त्यातले काही न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनमधल्या एकाच शाळेतून सहलीला आलेले. उद्यानाच्या कंपनीवर मनुष्यवधाचा खटला चालला. कोणीतरी मुद्दाम आग लावली, असा बचाव झाला आणि १९८५ च्या जुलैत ज्युरीने कंपनीला निर्दोष सोडलं.

मी हे काही भाच्यांना सांगितलं नाही. त्यांना रस घेऊन दिला.

७.२०

लाईन म्हणजे नुसतं उभं राहणं नाही, हे डिस्नेवाल्यांना फार लवकर कळलं. कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये त्यांनी 'हाँटेड मॅन्शन' उघडलं. तिथे रांगेतल्या लोकांना वाचायला थडग्यांवर विनोदी लेख कोरले आणि आतली बैठकीची गाडी अशी केली की ती थांबतच नाही. माणूस थांबला तरी त्याला पुढे सरकल्यासारखं वाटतं. आमच्या रांगेत वाचायला फक्त गुटख्याच्या पुड्या होत्या, आणि जनरेटरचा धूर वाऱ्याची दिशा पाहून आलटून पालटून सगळ्यांना मिळत होता.

एक गोष्ट मात्र मी नीट पाहिली. बाहेर पडणारे बहुतेक जण फसल्यासारखे दिसत. चार मिनिटांत संपलं, एक सांगाडा थर्मोकोलचा, एक पांढरी साडी, बस. पण रांगेतल्या कोणी विचारलं की तोंडावर हसू आणून म्हणत, "जा जा, लय भारी आहे!" साठ रुपये आपले एकट्याचेच का बुडावेत? खेळ संपल्यावरची ही शेवटची मजा प्रत्येकजण वसूल करत होता.

८.०५

दार वीस मिनिटं बंद राहिलं. 'मशीन गरम झाली' असं अधिकृत कारण. खरं कारण भाचीला सापडलं. कनातीच्या मागे, कापड वर उचलून, एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा बाहेर आला. अंगात काळा झगा, रबरी मुखवटा टोपीसारखा डोक्यावर सरकवलेला. टपरीवर उभ्याउभ्या त्याने चहा घेतला, बिस्कीट बुडवलं, ते कपात पडलं, बोटाने काढून खाल्लं, आणि आला तसा कनातीखालून आत गेला.

"मामा, थो भूत होय काय?"

"हो."

"मंग मले नाही लागत भेव."

मला वाटलं, माझे एकशे ऐंशी रुपये तिथल्या तिथे बुडाले. ते कापड नेमकं कुठून उचललं गेलं, हे मात्र मी पाहून ठेवलं नाही. भाचीने ठेवलं होतं.

८.५० (पन्नास मिनिटं बाकी)

आता लाईन उरली नव्हती, झुंबड झाली होती. मागून आलेले पुढच्यांचे ओळखीचे निघत होते. बाया चिडल्या, लेकरं पेंगुळली. मोठा आकाशपाळणा फिरायला लागला की भूतबंगल्यावरचे लाल दिवे मिणमिणत आणि पाळणा थांबला की पुन्हा उजळत. हे सगळ्यांना दिसत होतं. एकाच जनरेटरवर दोन संसार चालले आहेत, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. पण आमच्या डोक्यात तेव्हा फक्त वेळ होता.

"पैसे वापस द्या!" कोणीतरी ओरडलं.

"दस मिनट, भाईसाब."

"दोन घंट्यापासून थेच दहा मिनटं चालले न बे तुये!"

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पुढे काय करायचं हे दारावरच्या माणसाला जमावातल्याच एका आवाजाने सुचवलं. "अहो, दहा दहा काय सोडता? वीस-पंचवीस सोडा ना एका वेळी!" तो आवाज माझा होता. चारचौघांनी माना डोलावल्या. मला आपण काही नागरिकांचं काम केल्यासारखं वाटलं.

राजकोटचा गेम झोन आठवायला हवा होता. २५ मे २०२४, तोही शनिवारच. तिकीट ९९ रुपयांवर आणलेलं, सुट्टीतली लेकरं गर्दीने आलेली, एकीकडे वेल्डिंग चाललेलं, अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र नाही. आग लागून २७ माणसं गेली. त्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना मी रागाने म्हणालो होतो, 'लोकांना कळत कसं नाही?' मेळ्यातल्या दारासमोर ते वाक्य मला एकदाही आठवलं नाही.

९.३१

पंचवीस जणांची पहिली तुकडी. तिच्यात आम्ही तिघं.

आत शिरल्यावर कळलं की हा बंगला म्हणजे चकवा आहे. आजीच्या गोष्टीतला चकवा रात्री शेतावरून येणाऱ्याला त्याच बाभळीभोवती फिरवत राहतो. इथे बाभळीच्या जागी पत्रे आणि काळं कापड होतं. डावीकडे वळा, पुन्हा डावीकडे, मग उजवीकडे, रुंदी इतकी की एक जाड माणूस आणि त्याची पिशवी. मेळ्याची जागा लहान, पण साठ रुपयांचं अंतर चालवायचं, म्हणून वाट नागमोडी. दहाजणांना ती पुरत असावी. पंचवीस जणांत पुढच्याची पाठ आणि मागच्याचं पोट सोडून काही लागत नव्हतं.

पहिलं भूत लटकलेलंच नव्हतं, नुसता हुक होता. दुसऱ्याच्या डोळ्यातला एक बल्ब उडालेला. "मामा, हे त डोळा मारते," भाचा म्हणाला. मी हसलो. पावणेचार तास उभे राहून मिळालेली ती एकमेव गमतीची गोष्ट.

९.४०

बाहेर आकाशपाळणा भरला असावा. आधी पंख्याचा आवाज खोल गेला, मग रेकॉर्डवरची किंकाळी लांबली, जाड झाली, पुरुषी झाली आणि थांबली.

"लाईन गेली रे!"

तो आवाज आतल्यापैकीच कोणाचा तरी. त्यानंतर जो अंधार झाला तो खेळातला नव्हता. क्षणभर सगळे हसले, कारण हाही कार्यक्रमाचाच भाग असेल. मग मागून धक्का आला. दारावरच्या माणसाला आत काय झालंय ते कळलं नव्हतं. बाहेर अंधार झाल्याबरोबर लोकांनी वाट फुटेल तिकडे सरकायला सुरुवात केली, आणि वाट फुटली ती आत.

मी भाच्याचा दंड धरला. भाची हाताला लागेना.

"काहून ढकलता बाप्पा! लेकरू आहे इथं!" एक बाई ओरडली. लेकरू कोणाचं ते कळेना. मी खाली चाचपलं. भाची जमिनीवर मांडी घालून बसली होती. आजीने तिलाही सांगितलं होतं : चकवा लागला की खाली बसायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. मागचा माणूस तिच्यावर अडखळला, त्याच्यावर आणखी एक. पत्रा खणकन वाजला.

कोणाच्या मोबाईलची टॉर्च चमकली, पण हाताला धक्का लागला आणि मोबाईल पायांत गेला. तेवढ्यात माझ्यापासून दोन हातांवर खट्ट असा आवाज झाला आणि पिवळी ज्योत उभी राहिली. लायटर. एका धीराच्या माणसाने सगळ्यांना उजेड व्हावा म्हणून तो उंच धरला होता. काळं कापड त्याच्या मनगटापासून वीतभर.

मला सगळं माहीत होतं. साल, तारीख, ट्रेलरची संख्या. तोंडातून मात्र शब्द फुटेना.

"माचिस मत जलाओ! बुझाओ!"

ओरडला तो रबरी मुखवटा. झग्यातून एक हात आला, लायटरवर चापट बसली, ज्योत गेली. मग त्याच अंधारात हिंदीत शिव्या, कापड फाटल्यासारखा आवाज आणि पायापाशी उजेडाची एक फट.

"मामा, थे पाहा चहाचं दार," भाची म्हणाली आणि रांगत निघाली.

९.५२

पंचवीस जण कनातीखालून गुडघ्यांवर बाहेर आलो, टपरीच्या पुढ्यात. एका आजोबांची टोपी आणि एका बाईची चप्पल आतच राहिली. भाच्याचं कोपर पत्र्याने कापलं होतं. टपरीवाल्याने न विचारता पाणी दिलं. लायटरवाला माणूस शेजारीच उभा राहून सिगारेट पेटवत होता. हात थरथरत असल्याने ती तीनदा विझली.

जनरेटरला दोर मारून मारून कोणीतरी तो पुन्हा धडधडता केला. लाल दिवे लागले. मिशीवाला सामरी उजळला. भोंग्यावर आवाज आला, 'आइए, आइए, असली भूतबंगला.'

मी पैसे परत मागायला दाराकडे निघालो. रांग जागच्या जागी उभी होती, उलट वाढली होती. आमच्याच तुकडीतला एक तरुण कपड्यांची धूळ झटकत रांगेतल्या मित्राला सांगत होता, "जा बे, लय भारी आहे! आतमंधी लाईनच जाते लेका, खरोखर भेव लागते!"

मित्राने खिशातून साठ रुपये काढले. त्याच्या मागच्या दोघांनीही काढले.

दारावरच्या माणसाने पुढचे पंचवीस मोजले. मागच्या बाजूला त्याचा दुसरा माणूस त्या पोराला झापत होता. पोरगा मुखवटा कपाळावर सरकवून गुडघ्यांवर बसला होता आणि कनातीचं खालचं टोक खुंटीला घट्ट बांधत होता. खालून फुकटे शिरतात म्हणून.