ईतिऑन : वस्तूंतून उरलेला राजा

होमरच्या ‘इलियड’मध्ये राजा ईतिऑन एकदाही समोर येत नाही. प्लाकस पर्वताच्या पायथ्याशी वसलेली त्याची थीबी नगरी अकिलीसने लुटली. राजाला मारले, त्याचे ७ पुत्र एकाच दिवशी मारले. हे ६व्या सर्गात त्याची कन्या अँड्रोमकी पती हेक्टरला सांगते. पुढे ९व्या सर्गात अकिलीस वीरगाथा गातो, ती त्याच लुटीतील वीणेवर. १६व्यातील पेडॅसस अश्व तिथलाच. २३व्यात पात्रोक्लसच्या अंत्यक्रीडांत ईतिऑनचा लोखंडी गोळा बक्षीस ठरतो. अकिलीसचा क्रोध शिकवताना ती वीणा कोणाची, हेही विचारले जावे, असे आम्हांला वाटते. वीरगाथेचा सूर ज्या घराच्या राखेतून उमटतो, ते घर होमर विसरलेला नाही. आपणही विसरू नये.