दिल्लीचा लोहस्तंभ, दख्खनचे पोलाद आणि गंजाचा प्रश्न

१/९
'प्राचीन भारतीय पोलाद गंजत नसे' हे विधान आपण वारंवार वाचतो. पुरावा म्हणून दिल्लीचा लोहस्तंभ दाखवला जातो आणि त्याच दमात दख्खनच्या तलवारींचे नाव घेतले जाते. वस्तुतः हे दोन भिन्न धातू आहेत. ज्या गुणाने स्तंभ टिकला, त्याच गुणाने तलवार मोडली असती. #धागा

२/९
प्रथम स्तंभ. कुतुबमिनाराच्या परिसरात उभा, उंची सुमारे ७ मीटर, वजन ६ टनांहून अधिक. त्यावरील संस्कृत लेखात 'चंद्र' नावाच्या राजाची कीर्ती कोरलेली आहे. बहुतेक अभ्यासक त्याला गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त मानतात. म्हणजे स्तंभाचे वय सुमारे १६०० वर्षे.

३/९
तो टिकला कसा? आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी याचा सखोल अभ्यास केला. या लोखंडात कार्बन अल्प, पण फॉस्फरस सुमारे पाव टक्का. आजच्या साध्या पोलादाच्या कितीतरी पट. पावसात भिजणे आणि उन्हात वाळणे या चक्रातून धातू व गंज यांच्यामध्ये फॉस्फेटचा घट्ट थर साचत गेला.

४/९
म्हणजे स्तंभ गंजलाच नाही, असे नव्हे. गंजाचा पातळ थरच त्याचे कवच झाला. दिल्लीच्या कोरड्या हवेचेही त्याला साहाय्य झाले. जमिनीत गाडलेल्या, सतत ओलाव्यात राहिलेल्या भागाला मात्र गंजाने सोडले नाही.

५/९
आता पोलाद. आजच्या तेलंगण, कर्नाटक व तमिळनाडूच्या प्रदेशांत लोखंडाचे तुकडे लाकूड-पाल्यासह मातीच्या मुशीत बंद करून तासन् तास भट्टीत तापवीत. लोखंड कार्बन शोषून घेई. त्यामुळे त्याचा वितळणबिंदू उतरे आणि मुशीत पोलादाची ढेप तयार होई. कन्नड 'उक्कु' या शब्दावरून इंग्रजांनी तिला 'वुट्झ' म्हटले, असे मानतात.

६/९
साध्या बांधकामाच्या पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. वुट्झमध्ये तो साधारण दीड टक्का. कार्बन वाढला की काठिण्य वाढते, धार टिकते, पण धातू ठिसूळपणाकडे झुकतो. अशा पोलादात स्तंभाइतका फॉस्फरस मिसळला असता, तर घाव बसताच पाते तुटण्याचा धोका होता.

७/९
म्हणून वुट्झची तलवार गंजत असे. तिला तेल लावून, पुसून, कोरडी ठेवावी लागे. गंमत अशी की तिचे सौंदर्यही याच दुर्बलतेतून प्रकटे. पात्यावर सौम्य आम्ल फिरवले की आधारधातू काळवंडतो, कार्बाइडचे कण उजळ राहतात आणि पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. न गंजणाऱ्या धातूवर ती अशी उठली नसती.

८/९
या पोलादाचा पुढील प्रवास मुंबईमार्गे झाला. तेथील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद चक्क 'मुंबईत बनणारे' ठरले! पुढे लोहाराचा पुत्र मायकेल फॅरडे याने सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या जेम्स स्टोडार्टसह वुट्झचे रहस्य शोधताना पोलादात चांदी, प्लॅटिनम, क्रोमियम मिसळून पाहिले.

९/९
गंजावर तोडगा नंतर दोन वाटांनी आला. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले, आणि स्टेनलेस स्टीलचे युग सुरू झाले. कोकणातल्या छपरावरचा पत्रा आणि स्वयंपाकघरातले ताट या दोन वाटांची अपत्ये आहेत. तेव्हा 'आपले पोलाद गंजत नसे' असा संदेश पुन्हा आला, तर एवढेच विचारावे: स्तंभाचे लोखंड, की तलवारीचे पोलाद? दोन्हींमागचे कौशल्य थोर होते, आणि ते वेगवेगळे होते.