चाकांची कल्हई

तर झालं असं की, दोन महिन्यांपूर्वी गाडी एका वॉशिंग सेंटरवर धुवायला दिली. गाडी सेकंडहँड, तिच्यासोबत आलेली अलॉय व्हील्सही सेकंडहँड. पुढच्या दोन चाकांवर ब्रेकची काळी भुकटी इतकी घट्ट बसली होती की साबणाला दाद देईना. तिथल्या पोराने लेबल नसलेल्या एका कॅनमधून काहीतरी ओतलं आणि ब्रशने फासलं. फेस आला, नाकाला झोंबलं. पाण्याचा फवारा मारल्यावर काळं गेलं आणि चकाकीही गेली. आधीच्या मालकाच्या कृपेने जिथे जिथे लॅकर उडालं होतं, तिथलं ॲल्युमिनियम फिनाईल पाण्यात पडल्यासारखं दुधट झालं. पोरगा उघड्या हाताने काम करत होता. "हाताला काही होत नाही का रे?" विचारलं तर म्हणाला, "चुणचुणतं थोडं दादा, सवय आहे."

आता चाकांना कुठलं तरी सीलंट लावायचं हे नक्की झालं. आयटीवाला असल्यामुळे पहिली प्रतिक्रिया अर्थातच एक्सेल शीट :-) मेण, पॉलिमर, टेफ्लॉन, सिरॅमिक, ग्रॅफीन... बारा ओळींनंतर लक्षात आलं की प्रत्येक बाटलीवर एकच वाक्य वेगवेगळ्या विशेषणांनी लिहिलंय. मग शीट बंद केली आणि उलटीकडून सुरुवात केली. मुळात हे चाक ॲल्युमिनियमचं झालं कधी, आणि त्याला कल्हई लागायला लागली कधीपासून?

कल्हई हा शब्द मुद्दाम वापरतोय. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली की कळकते, म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. भांडं तेच, फक्त मधे एक तिसरा पदार्थ. ॲल्युमिनियमची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण ते स्वतःची कल्हई स्वतःच करून घेतं. हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर जमतो आणि तो खालच्या धातूला सांभाळतो. खरवडलात तर पुन्हा जमतो. पण हा थर साधारण ४ ते ९ पीएचच्या पट्ट्यातच टिकतो. त्याखाली आम्ल त्याला विरघळवतं, त्यावर अल्कली. घरातल्या जर्मनच्या पातेल्यात चिंचेचं सार ठेवू नये आणि ते धुण्याच्या सोड्याने घासू नये, ही दोन्ही सांगणी याच एका आलेखाची दोन टोकं आहेत. आज्ज्यांना आलेख ठाऊक नव्हता, पातेलं ठाऊक होतं.

हा धातू मुळात पातेल्याचा नव्हताच. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये हेन्री सँत-क्लेअर देव्हिलने तो रासायनिक मार्गाने जरा मोठ्या प्रमाणात काढला तेव्हा तो दागिन्यांच्या पंगतीत बसत होता. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकाला ॲल्युमिनियमची छोटी टोपी बसवली, ती मिरवण्यासारखी गोष्ट होती. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी एकमेकांना न कळता विजेने ॲल्युमिनियम वेगळं करण्याची एकच पद्धत शोधली. दोघांचा जन्म १८६३ चा, दोघांचा मृत्यू १९१४ चा. असा योगायोग कादंबरीत घातला तर संपादक खोडून टाकेल. असो. त्यानंतर भाव कोसळले आणि धातू राजवाड्यातून स्वयंपाकघरात आला.

चाकापर्यंत यायला अजून जवळजवळ चार दशकं गेली. ३ ऑगस्ट १९२४, फ्रान्समधलं ल्याँ. एत्तोरे बुगाटीने ग्रांप्री शर्यतीत आपली 'टाइप ३५' उतरवली. तिची चाकं ॲल्युमिनियमची ओतीव होती, आठ सपाट पट्ट्यांची, आणि ब्रेकचा ड्रम चाकाच्याच ओतकामाचा भाग. बाकीच्या शर्यतीच्या गाड्यांना तेव्हा बहुतेक तारांच्या स्पोकची चाकं होती. बुगाटीच्या चाकात वजन कमी होतं, ब्रेकची उष्णता बाहेर टाकायला धातूचा पसारा होता, आणि टायर बदलायला चाक काढलं की ब्रेक समोर उघडा, तपासणी फुकटात. त्या दिवशी टायरनीच घात केला, नीट व्हल्कनाइझ न झालेले टायर फाटत गेले. पण पुढे याच गाडीने १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ जिंकली.

याच काळात दुसरीकडे एक वेगळी डोकेदुखी चालू होती. जर्मनीत आल्फ्रेड विल्मने ॲल्युमिनियममध्ये तांबं मिसळून ते कडक करण्याची युक्ती १९०६ च्या सुमारास शोधली होती, त्यातून ड्युरॅल्युमिन आलं आणि विमानं त्याची व्हायला लागली. पण तांब्याने ताकद दिली तशी गंजण्याची खोडही दिली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांना खारं पाणी खायला लागलं. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लात विजेच्या साहाय्याने तो नैसर्गिक ऑक्साइडचा थरच जाड करून घेतला. म्हणजे धातूच्याच कल्हईला खतपाणी घातलं. हेच ॲनोडायझिंग. १९६० च्या दशकात पोर्शे ९११ ला जर्मनीतल्या फुक्सची घडीव चाकं मिळाली, ती ॲनोडाइज केलेली होती. मधल्या काळात अमेरिकेत टेड हॅलिब्रँडची मॅग्नेशियमची शर्यतीची चाकं गाजली. 'मॅग व्हील' हा शब्द तिथला. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमहूनही हलकं, आणि गंजायला त्याहून उतावीळ. शर्यतीत चालून जातं, रोजच्या रस्त्यावर नाही. आज आपल्या गाड्यांना असतं ते बहुतेक ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम घातलेलं ओतीव ॲल्युमिनियम. तांबं जवळजवळ नाही, म्हणून स्वभावाने बरंच सोशिक.

मग त्याला कल्हई कशाला?

इथे मला सगळ्यात मजा आली. ल्याँमधल्या त्या बुगाटीला ब्रेकच्या भुकटीचा त्रास नव्हता, कारण ड्रम ब्रेकची भुकटी ड्रमच्या पोटातच राहते. १९५३ मध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून जॅग्वार सी-टाइपने ल माँ जिंकलं, आणि पुढच्या काही दशकांत डिस्क ब्रेक साध्या गाड्यांत उतरले. डिस्क असते उघडी. ओतीव लोखंडाची ती तबकडी आणि तिला घासणारं पॅड, दोन्ही झिजतात, आणि तो तापलेला चुरा थेट चाकाच्या आतल्या अंगावर उडतो. लोखंडाचे कण बसतात, मग पावसात तिथल्या तिथे गंजतात आणि गंजताना फुगून अजून घट्ट रुततात. तुमच्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतील तर उद्या सकाळी बघा, पुढची चाकं काळी आणि मागची बऱ्यापैकी स्वच्छ दिसतील. गेली कित्येक वर्षं मी याचा दोष रस्त्याला देत होतो.

म्हणजे चाक काळं होतं ते ॲल्युमिनियममुळे नव्हेच, लोखंडामुळे. आणि कंपनीतून आलेल्या चाकावर आधीच रंग आणि वर पारदर्शक लॅकर असतो. आपण बाटलीतलं जे काही फासतो ते ॲल्युमिनियमला लागतच नाही, लॅकरला लागतं. एवढं कळल्यावर माझ्या एक्सेलमधला 'गंजरोधक क्षमता' हा कॉलम बाद झाला. लॅकर शाबूत असेल तर गंज रोखायचं काम तोच करतोय. फुटपाथला घासून किंवा खडी लागून तो तुटला असेल तर तिथून खारट ओल आत शिरते आणि लॅकरच्या खाली गांडुळासारख्या बारीक वाकड्यातिकड्या रेघा धावायला लागतात. याला फिलिफॉर्म करोजन म्हणतात. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ ते करतं, आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत गाडी घालण्याची हौस करते. सध्याच्या 'डायमंड कट' चाकांना हा आजार जास्त, कारण लेथवर कापलेल्या धारदार कडांवर लॅकर पातळ बसतो. ही गांडुळं एकदा दिसली की कुठलंही सीलंट उपयोगाचं नाही. लॅकर काढून पुन्हा चढवणे, हा एकच उपाय.

मग सीलंटचं काम उरलं एकच. लोखंडाच्या कणांना लॅकरवर मुक्काम करू द्यायचा नाही, म्हणजे ते नुसत्या साबणाने निघतील आणि त्या लेबल नसलेल्या कॅनची वेळच येणार नाही.

या कसोटीवर एकेक उमेदवार. कार्नोबा मेण ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून निघतं आणि ८२ ते ८६ अंशांना वितळतं. बॉनेटवर झकास दिसतं. पण पसरणी घाट उतरून वाईत आल्यावर पुढच्या चाकाजवळ हात नेऊन बघा, मेणाची जागा ती नव्हे. टेफ्लॉन तर १९३८ मध्ये रॉय प्लंकेटला योगायोगाने सापडलेला भन्नाट पदार्थ. पण तव्यावर तो बसतो तो ३२७ अंशांच्या वर भाजून. थंड चाकावर फडक्याने पुसून तो कसा चिकटणार, हे मला आजवर कुठल्याही सेल्समनने सांगितलेलं नाही. (नवी गाडी घेताना 'टेफ्लॉन कोटिंग'चे पैसे आमच्या तीर्थरूपांनी भरले होते. हा विषय घरी काढत नाही.)

सिलिकॉनची कथा जास्त इमानदार आहे. नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंगने या संयुगांवर आयुष्य घालवलं आणि १९३६ च्या व्याख्यानात सांगून टाकलं की यातून नजीकच्या काळात काही मोठं निघेल अशी आशा नाही. १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये यूजीन रोचोने ती स्वस्तात बनवायची वाट शोधली, आणि १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी सिलिकॉनवरच उभी राहिली. आजची पॉलिमर सीलंट याच घराण्यातली. मेणापेक्षा उष्णता आणि साबण जास्त सोसतात, काही महिने टिकतात.

आणि शेवटी ते गाजलेलं 'सिरॅमिक'. हे एकविसाव्या शतकातलं नॅनो प्रकरण असेल असा माझा समज होता. निघालं १८४६ चं! सेव्हरच्या चिनी मातीच्या कारखान्याशी संबंधित झाक एबेलमन या रसायनशास्त्रज्ञाने सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि अल्कोहोल यांच्यापासून एक द्रव बनवला. दमट हवेत राहू दिल्यावर तो हळूहळू घट्ट होत गेला आणि त्याची पारदर्शक काच झाली. भट्टी नाही, जाळ नाही, नुसती हवेतली वाफ पिऊन काच. त्याचं काय करायचं हे तेव्हा कुणाला कळलं नाही. १९३९ मध्ये जर्मनीत शॉटच्या गेफकेन आणि बर्गर यांनी काचेवर असेच थर चढवण्याचं पेटंट घेतलं. आज बाटलीतून येतं त्याचं मूळ रसायन याच कुळातलं. पुसायचं, थांबायचं, हवेतल्या ओलाव्याने ते जाळं विणतं. त्या '९एच'चं मात्र फार मनावर घेऊ नका. तो शिसपेन्सिलीने ओरखडून बघण्याच्या चाचणीतला आकडा आहे, पेन्सिलींची पट्टी ९एच ला संपते एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्याशी संबंध नाही.

निवड तर झाली. पण मग वाचता वाचता त्या कॅनकडे परत आलो. चाकांच्या काही कडक क्लीनरमध्ये हायड्रोफ्लुरिक आम्ल किंवा त्याचं भावंड अमोनियम बायफ्लुराइड असतं. काच कोरायला पूर्वापार वापरतात ते हेच. म्हणजे मी हजारो रुपयांचं काचेच्या कुळातलं कोटिंग करून पुन्हा त्याच सेंटरवर गेलो, तर ते कोटिंग काचेच्या कर्दनकाळाकडेच सोपवणार. हे एक. दुसरं म्हणजे फ्लुराइड सौम्य असलं तर सुरुवातीला फारसं दुखत नाही. ते कातडीतून आत झिरपतं, शरीरातल्या कॅल्शियमला धरतं आणि दुखणं तासांनी वर येतं. त्या कॅनमध्ये नक्की काय होतं हे लेबलच नसल्यामुळे कोण सांगणार? पण "चुणचुणतं थोडं" हे शब्द त्या रात्री डोक्यातून जाईनात.

दुसऱ्या शनिवारी रबरी हातमोज्यांचे दोन जोड घेऊन गेलो. मालक हसला. पोरगा गावाला गेला होता. मोजे ठेवून आलो, कॅनबद्दल बोललो, मालक म्हणाला सगळे हेच वापरतात साहेब.

पुढची दोन चाकं सोलून पुन्हा पावडर कोट आणि लॅकर करून घेतली. (करणाऱ्याला भट्टीचं तापमान आणि वेळ जरूर विचारा. या चाकांची ताकद कारखान्यातल्या ठरावीक भाजणीतून आलेली असते, वारेमाप भाजलं तर ती उतरते.) लॅकर पूर्ण वाळायला दिलेले दिवस मोजून काढले आणि मग चारही चाकांना, आतल्या बाजूनेसुद्धा, सिलिकाचा साधा स्प्रे मारला. वर्षानुवर्षं टिकणारं महाग कोटिंग घेतलं नाही, कारण पुण्याच्या पार्किंगमध्ये दर काही महिन्यांनी स्प्रे मारणं मला जमतं आणि धूळविरहित कोरडी खोली मिळणं जमत नाही.

आता दर दोन रविवारी बादली, सौम्य शांपू आणि जुना टूथब्रश. पुढच्या चाकांना वीस मिनिटं, मागच्यांना पाच. मागे ड्रम आहेत ना!