नॅव्हाहो भाषेचा वर्ग: बाकावर कोण, फळ्यापाशी कोण?

नॅव्हाहो हे नाव ऐकलं की बहुतेकांना दुसरं महायुद्ध आठवतं. १९४२ साली अमेरिकेच्या मरीन दलाने २९ नॅव्हाहो तरुणांना हाताशी धरलं. त्यांनी आपल्याच भाषेतून संकेत रचले. रणगाड्याला कासव, पाणबुडीला लोखंडी मासा. जपान्यांना ते शेवटपर्यंत उलगडले नाहीत. गोष्ट रंगतदार आहे, चित्रपटही निघाले, पण आज तिच्यात फार वेळ घालवायचा नाही. आपल्याला बघायचंय ते वेगळंच. ही भाषा विद्यापीठात कशी पोहोचली? तिथे ती कोण शिकत होतं, कोण शिकवत होतं, आणि पुस्तकावर नाव कोणाचं छापलं जात होतं?

थोडी पार्श्वभूमी आधी घेऊ. हे लोक स्वतःला 'दिने' म्हणवतात आणि भाषेला 'दिने बिझाद'. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत त्यांचा प्रदेश पसरलाय. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना घरांतून हुसकावलं आणि शेकडो मैल पायी चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. १८६८ च्या तहानंतर त्यांना मायदेशी परतता आलं. त्या तहाच्या सहाव्या कलमात शिक्षण आहे. सहा ते सोळा वयाच्या मुलांना शाळेत पाठवायचं, दर तीस मुलांमागे सरकार एक शिक्षक देणार, आणि शिक्षण इंग्रजीतलं. पुढे निवासी शाळा आल्या. तिथे मुलांनी घरची भाषा बोलणं हा गुन्हा ठरला. त्या २९ तरुणांपैकी एक, चेस्टर नेझ, यांनी आठवणींत सांगितलंय की आपली भाषा बोलल्याबद्दल शाळेत त्यांच्या तोंडात साबण फिरवला होता. आणि याच भाषेवर पुढे मरीन दलाचा भरवसा!

गंमत अशी, की शाळा ही भाषा पुसत होती त्याच काळात विद्यापीठ ती टिपून घेत होतं. एडवर्ड सपीर हे तेव्हा शिकागो विद्यापीठात होते, नंतर येलला गेले. विसाव्या शतकातल्या अमेरिकी भाषाशास्त्रातलं फार मोठं नाव. १९२९ च्या उन्हाळ्यात ते न्यू मेक्सिकोतल्या क्रिस्टल या गावी राहिले. मदतीला होते फादर बेरार्ड. हे फ्रान्सिस्कन मिशनरी, अनेक वर्षं तिथे राहून भाषा शिकलेले. आणि होते अल्बर्ट सँडोव्हल, स्वतः नॅव्हाहो. सांगणारे कथा सांगायचे, सँडोव्हल अर्थ उलगडायचे आणि सपीर कानाने एकेक ध्वनी टिपायचे. हे काम सोपं नाही बरं का. या भाषेत स्वराची उंची बदलली की शब्दच बदलतो. 'औषध' आणि 'तोंड' या दोन शब्दांत फरक काय, तर एकात स्वर खालच्या पट्टीत, दुसऱ्यात वरच्या. आपल्या देवनागरीत लिहिले तर दोन्ही सारखेच दिसतील.

पण खरी परीक्षा क्रियापदाची. आपण मराठीत साडी नेसतो, सदरा घालतो, गजरा माळतो, कुंकू लावतो. वस्तू बदलली की क्रियापद बदलतं, आणि हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. नॅव्हाहोत हे तत्त्व फार दूरवर नेलंय. वस्तू हातात घेणं, देणं, ठेवणं यांसाठी एक सर्वसाधारण क्रियापद नाही. सफरचंदासारखी गोल, घट्ट वस्तू असेल तर एक धातू, पेन्सिलीसारखी लांब आणि ताठ असेल तर दुसरा, दोरीला तिसरा, कागद किंवा घोंगडीला चौथा, उघड्या भांड्यातल्या पदार्थाला पाचवा, जिवंत प्राण्याला आणखी वेगळा. असे अकराच्या आसपास प्रकार आहेत. 'मला दे' म्हणायचं तर काय हवंय त्याचा आकार आधी मनात यायला हवा. शिवाय कर्ता, कर्म, क्रिया पूर्ण झाली की चालू आहे, हे सगळं धातूच्या आधी उपसर्गांच्या रांगेत बसतं. प्रौढ वयात शिकणारा विद्यार्थी इथेच अडतो.

सपीर यांनी या भाषेतून इतिहासही काढला. नॅव्हाहोचे भाषाबंधू अलास्कात आणि वायव्य कॅनडात आहेत, म्हणजे हजारो मैल उत्तरेला. १९३६ च्या एका निबंधात त्यांनी काही शब्दच साक्षीला उभे केले. भोपळ्याच्या पळीचा शब्द मूळचा शिंगाचा. म्हणजे पूर्वज थंड मुलखात होते तेव्हा पळी शिंगाची होती, दक्षिणेत आल्यावर ती भोपळ्याची झाली, नाव तेच राहिलं. मक्याच्या शब्दाची फोड त्यांनी 'परक्यांचं अन्न' अशी केली, कारण मका मिळाला तो शेजारच्या शेतकरी जमातींकडून. युक्तिवाद देखणा आहे आणि उत्तरेचं नातं आज भाषाशास्त्रात पक्कं मानलं जातं. पण दिने परंपरा सांगते की आपण खालच्या जगांतून वर येत याच भूमीत, चार पवित्र पर्वतांच्या मध्ये, प्रकटलो. नॅव्हाहो विद्यार्थी भाषाशास्त्राच्या वर्गात येतो तेव्हा त्याला या दोन्ही गोष्टी बरोबर घेऊन बसावं लागतं. परक्या विद्यार्थ्याला तो प्रश्नच येत नाही. (जाता जाता: येलमध्ये सपीर यांच्या हाताखाली तयार झालेले एमिनो याच पद्धतीने नीलगिरीत तोडा भाषेवर काम करायला आले. 'भारत हे एक भाषिक क्षेत्र' ही १९५६ सालची मांडणी त्यांचीच.)

सपीर १९३९ मध्ये गेले. 'नॅव्हाहो टेक्स्ट्स' हे पुस्तक १९४२ मध्ये आलं, त्यावर नावं सपीर आणि त्यांचे शिष्य हॉयर यांची. सँडोव्हल मुखपृष्ठावर नाहीत. त्या काळची रीतच तशी होती. विद्वान प्राध्यापक होता आणि भाषा बोलणारा 'माहिती देणारा'.

ही रीत आधी मोडली ती विद्यापीठाबाहेर, चक्क मेंढ्यांच्या प्रयोगशाळेत. फोर्ट विंगेट इथे सरकारचं मेंढीपैदास केंद्र होतं. तिथे रॉबर्ट यंग आणि विल्यम मॉर्गन यांची गाठ पडली. यंग गोरे, मॉर्गन नॅव्हाहो. १९४३ मध्ये दोघांचं 'द नॅव्हाहो लँग्वेज' आलं आणि त्यावर दोघांचीही नावं होती. त्याच वर्षी नॅव्हाहो भाषेतलं वृत्तपत्रही सुरू झालं, ते १९५७ पर्यंत चाललं. पुढे १९८० मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाने या जोडीचा हजाराहून जास्त पानांचा कोश आणि व्याकरण छापलं. आजही गंभीर अभ्यासकाच्या टेबलावर तो लागतोच. बर्नार्ड कॉलेजच्या ग्लॅडिस रायकार्ड यांचंही नाव घ्यायला हवं. १९३४ मध्ये त्यांनी गनाडो इथे पारंपरिक घरात, म्हणजे होगनमध्ये, शाळा भरवली आणि प्रौढ नॅव्हाहोंना स्वतःची भाषा लिहायला शिकवलं.

मग १९६८ उजाडलं. तहाला बरोबर शंभर वर्षं झाली होती. त्या वर्षी नॅव्हाहो कम्युनिटी कॉलेज स्थापन झालं, अमेरिकेतलं जमातीने स्वतः चालवलेलं पहिलं महाविद्यालय. आज ते दिने कॉलेज म्हणून ओळखलं जातं. तिकडे एमआयटीत केन हेल नावाचे प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं असं की भाषा जे बोलतात त्यांनीच तिचे शास्त्रज्ञ व्हावं. त्यांनी १९७३ मध्ये एक कोडं मांडलं. नॅव्हाहोत 'घोड्याने खेचराला लाथ मारली' हे वाक्य दोन प्रकारे रचता येतं, दोन्ही चालतात. पण 'घोड्याने माणसाला लाथ मारली' म्हणायचं तर माणूसच आधी यावा लागतो. पुढच्याच वर्षी मेरी हेलन क्रीमर या नॅव्हाहो अभ्यासिकेने नामांची ही प्रतवारी आतून मांडली: कोणाला अधिक बुद्धी, कोणाची इच्छा चालते. आमच्या मते या साऱ्या इतिहासातलं हे वळण सगळ्यात महत्त्वाचं. उत्तर देणारा आता प्रश्नही विचारायला लागला. १९७८ मध्ये पॉल प्लॅटेरो यांनी एमआयटीतून आपल्याच भाषेवर डॉक्टरेट मिळवली.

आणि नेमक्या याच वेळी घरात काय चाललं होतं? १९७० च्या सुमारास न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या बर्नार्ड स्पोल्स्की यांच्या पाहणीत सहा वर्षांच्या नॅव्हाहो मुलांपैकी सुमारे ९५ टक्के मुलं शाळेत येताना नॅव्हाहो बोलत होती. १९९२ मध्ये प्लॅटेरो यांनी बालवाड्या पाहिल्या, तर अर्ध्याहून अधिक मुलं फक्त इंग्रजी बोलणारी निघाली. अवघी वीस-बावीस वर्षं! रस्ते, नोकऱ्या, दूरदर्शन ही कारणं आहेतच. पण ज्यांच्या तोंडात साबण फिरला त्यांनी आपल्या पोरांशी कुठल्या भाषेत बोलावं, हेही त्यात धरावं लागेल.

त्यामुळे विद्यापीठातल्या नॅव्हाहो वर्गाला आता वेगळाच अर्थ आलाय. २००७ मध्ये आलेल्या पाठ्यपुस्तकावर पहिलं नाव नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातल्या नॅव्हाहो प्राध्यापिका इव्हँजेलिन पार्सन्स याझी यांचं आहे, दुसरं मार्गारेट स्पीस या भाषाशास्त्रज्ञांचं. फळ्यापाशी आता नॅव्हाहो शिक्षक आहे, आणि बाकावर नॅव्हाहो मुलं परकी भाषा शिकावी तशी आपली भाषा शिकतायत. २०१४ मध्ये हा प्रश्न राजकारणातही आला. राष्ट्राध्यक्षपदाचे एक उमेदवार, ख्रिस डेशीनी, यांना भाषा अस्खलित येत नाही म्हणून अपात्र ठरवलं गेलं. पुढच्या वर्षी सार्वमत झालं आणि उमेदवाराला पुरेशी भाषा येते की नाही हे मतदारांनीच ठरवावं, असा कौल मिळाला. वडीलधाऱ्यांना तो रुचला नसेल, पण मतदार यादीतल्या तरुणांची अडचणही खरीच होती.

या वर्गांत अगदी सुरुवातीला शिकवतात ते स्वतःची ओळख करून देणं. त्यात नावाबरोबर कुळं सांगायची असतात, चार. आधी आईचं, कारण माणूस आईच्या कुळाचा, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं आणि वडिलांच्या वडिलांचं. क्रियापदांचा डोंगर नंतर येतो. ज्याला चौथं कुळ ठाऊक नसतं, त्याला त्या संध्याकाळी घरी विचारावं लागतं.