मलिका-ए-गझलची ठुमरी
गोमती नगरातील संगीत नाटक अकादमीच्या प्रेक्षागृहाला संत गाडगे महाराजांचे नाव आहे, याचे आपणा लखनौकर मराठी मंडळींस कौतुक. पण याच शहराच्या बेगम अख्तर यांचा विषय निघाला की ‘त्या गझलवाल्या’ एवढ्यावर आपण थांबतो. ‘रोटी’सारखा (१९४२) चित्रपट आणि घरोघरी पोहोचलेल्या ध्वनिमुद्रिका हाच जणू त्यांचा अपराध! वस्तुतः पतियाळ्याचे अता महंमद खाँ आणि किराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांची तालीम त्यांना लाभली होती. १९४५ च्या विवाहानंतर गाणे सुटले. १९४९ मध्ये लखनौ आकाशवाणीवर त्या पुन्हा गायल्या.

त्यांच्या ठुमरी-दादऱ्यात पूरबेचा ठाय बोल-बनाव आणि पंजाबी हरकतींची चपळाई एकत्र नांदते. तारसप्तकात आवाज किंचित चिरतो. ख्यालात तो दोष ठरता. येथे त्यानेच बोलाला अर्थ येतो. बालगंधर्वांच्या नाट्यपदांमागची भास्करबुवा बखल्यांची तालीम ओळखणाऱ्या कानाला हे उमगू नये, हे नवलच. केंद्रीय अकादमीने १९७२ साली त्यांच्या गायनाचा गौरव केला. १९७४ मध्ये त्या अहमदाबादेस निवर्तल्या. कबर मात्र लखनौच्या पसंदबागेत, आई मुश्तरीबाईंच्या शेजारी आहे.